डोक्यावरची रेघ

गेल्या मंगळवारपर्यंत आमच्या दारावरच्या पाटीला डोक्यावरची रेघ नव्हती. ‘बद्रीनाथ पेंटर’ ही अक्षरं पत्र्यावर नुसती लोंबत होती. कुणी विचारलं तर मी सांगायची, पेंटरनंच तशी ठेवलीय.

पेंटर म्हणजे आमचे मालक. तोंडानं मी त्यांचं नाव कधी घेतलं नाही, पण लिहायला हरकत नसावी. पिशोरच्या शेतकऱ्याचं पोर, शिकलं उर्दू शाळेत, अन् हात बसला औरंगपुऱ्यातल्या एका छापखान्यात, म्हाताऱ्या उस्तादाजवळ. उस्ताद बोरूनं उर्दू लिहायचे. पोलीस ॲक्शन झाली, उर्दूचं सरकार गेलं, दुकानांच्या पाट्या मराठीत व्हायला लागल्या, उस्ताद लेकीकडं हैदराबादला निघून गेले आणि ह्यांना कामाला हात पुरेनात. दुकानं, लग्नपत्रिका, निवडणुकीच्या भिंती, ट्रकच्या पाठी. मी दुसरी शिकलेली. पुढची अक्षरं ह्यांच्या अर्धवट पाट्यांवरच शिकले. त्यामुळं रेघ ओढलेली अक्षरं मला बरेच दिवस अनोळखी वाटायची, डोक्यावर पदर घेतलेल्या बायकांसारखी.

उस्तादाची एक खोड मात्र ह्यांच्या हातात राहिली. अक्षरं डावीकडून लिहायचे, पण डोक्यावरची रेघ ओढायचे उजवीकडून डावीकडं. उजवं टोक जाड, डावं बारीक. अख्ख्या शहरात तशी रेघ दुसऱ्या कुणाची नव्हती. शिवाय रेघ घरी ओढायची नाही. पाटी दुकानावर चढवायची, मालकानं नारळ फोडायचा, मग रेघ. ती ओढली की दुकान उघडलं, असा ह्यांचा कायदा.

चौसष्ट साली मधुसूदन नावाच्या तरण्या मुलानं पाटी सांगितली, ‘यमुना औषधालय’. वडील वैद्य होते, ते गेलेले. आईच्या नावानं दुकान काढत होता. उद्घाटनाला दोन दिवस राहिले अन् तो लासूर स्टेशनला हिरडा-बेहडा आणायला गेला. येताना जीप उलटली.

तेरावा झाल्यावर यमुनाबाई आमच्याकडं आल्या. उभ्यानंच म्हणाल्या, "बद्रीनाथ, रेघ ओढा. चूर्णं मला करता येतात, दुकान मी चालवीन. नाहीतर दिरांच्या घरी स्वयंपाकाला राहण्यावाचून गत नाही."

"काकू, ज्यानं पाटी सांगितली तो नाय. मालकाबिगर मी रेघ ओढत नसतो."

त्या आल्या पावली परत गेल्या. ह्यांनी पाटी भिंतीकडं तोंड करून ठेवली. मला राग आला होता, पण तेव्हा आमचा राग भाकरी थापण्यातच जिरायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे कामावर गेलेले. मी आतून कडी लावून पडले होते. टर्पेंटाईनच्या वासानं जाग आली. पाटीचं तोंड खोलीकडं होतं. शेवटच्या य वर लाल रेघ होती. बोट लावलं तर ओली.

मला वाटलं, ह्यांना दया आली, येऊन ओढून गेले. मग कडी आठवली. संध्याकाळी ह्यांनी ब्रश पाहिले. सकाळी पुसून ठेवलेले, तसेच कोरडे. माझ्याकडं बघून म्हणाले, "सारजा, तू?"

"माझी भाकरी तरी कधी गोल झालीय का?" मी म्हटलं.

त्यांनी दिवा जवळ धरला. रेघ उजवीकडं जाड होती, डावीकडं बारीक.

दुसऱ्या दुपारी ल झाला. तिसऱ्या दुपारी धा, आणि ध च्या डोक्यावर ठेवायची बारीक फट बरोबर सोडलेली. चौथ्या दिवशी मुद्दाम हे पिशोरला शाळेची भिंत लिहायला गेले, पाटीजवळ नको म्हणून. ष तरीही झाला. सातव्या दिवशी मु झाला. आता डावीकडचा एकटा य राहिला.

त्या संध्याकाळी हे जेवले नाहीत. हाताकडं बघत बसले. "उस्तादाचं काम म्हणावं तर उस्तादाला ध ची फट काय ठाऊक. मधुसूदन म्हणावं तर तो उजवीकडून कशाला ओढंल. हा माझाच हात हाय, अन् मी हितं बसलोय."

मी विचारलं, उद्या शेवटचं अक्षर झालं की काय होईल?

"दुकान उघडंल. आत कोण बसंल ते मला ठाऊक नाय."

माझं तोंड काही गप्प बसत नाही. म्हटलं, "मग जिला बसायचंय तिला बोलवा की दुपारच्या आत."

सकाळीच पाटी दुकानावर चढली. यमुनाबाईंनी नारळ फोडला. ह्यांनी जन्मात पहिल्यांदा ब्रश डाव्या टोकाला टेकवला आणि रेघ उजवीकडं नेली. दोन रेघा भिडल्या, कुठं सांधा दिसेना. ह्यांनी हात एकदम मागं घेतला. माझ्या कानाजवळ म्हणाले, "पलीकडून कुणीतरी हात धरला, अन् सोडला."

त्या दिवसापासून घरात दुपारी तो वास आला नाही. यमुनाबाई एकतीस वर्षं त्या गल्ल्यावर बसल्या, मला सुंठ कधी विकत दिली नाही, पुडी तशीच हातात ठेवायच्या. हे मात्र पुढं सगळ्या रेघा डावीकडून ओढायला लागले. फ्लेक्स आला, काम गेलं. तेव्हा रिकाम्या हातानं दारावरची पाटी लिहिली अन् रेघ सोडून दिली. "हितला मालक मीच. मन होईल तवा ओढू," म्हणाले. ते ‘तवा’ काही आलं नाही. तीन वर्षं झाली त्यांना जाऊन.

मंगळवारी दुपारी वास आला. दार उघडलं तर र वर लाल रेघ, ओली, उजवीकडं जाड. बुधवारी ट, गुरुवारी पें. शुक्रवारी थ, डोक्यावर फट सोडून. शनिवारी ना. आज रविवार, द्री झाला. मी घरात कुणाला सांगितलेलं नाही, उगाच मला दवाखान्यात नेतील.

आता ब राहिला. नातीकडून लाल रंगाची डबी आणवलीय, त्यांचा जुना ब्रश तेलात भिजत घातलाय. उद्या दुपारच्या आत मी स्टुलावर चढणार आणि डावीकडून सुरू करणार. माझी रेघ वाकडी येईल, येऊ दे. ओढीन मात्र सावकाश. पलीकडचा हात लगेच सुटायला नको.