केकला नैवेद्याचे नियम

ज्याने साखरेत गोडी घातली आणि माणसात माणसाची ओढ, त्या विटेवरच्या सावळ्यास प्रथम नमन!

मंडळी, एकट्या माणसाच्या घरात दोन गोष्टी आपोआप साठतात: देव्हाऱ्यातले निर्माल्य आणि मनातले किस्से. निर्माल्य घोडनदीला वाहता येते. किस्स्यांना मात्र ऐकणारा कानच लागतो. म्हणून आज तुम्हांला बसवून घेतले आहे.

शिरूरच्या माझ्या स्वयंपाकघरात आम्ही तिघी जमत असू. एक मी. दुसरी ताराबाई, झेंडूच्या मळ्याची मालकीण. तळेगाव ढमढेऱ्याहून दर गुरुवारी जीपने भजनाला येई. तिसऱ्या शेजारच्या रशीदाभाभी. त्यांच्या यजमानांची बाजारात बेकरी होती. भजन आटोपले की आमचा केक सुरू!

त्याचे कारण माझा नातू श्रीराम. पाच वर्षांचा असताना तो परदेशातून आला, नेमका चैत्रात, वाढदिवसाला. मी शिऱ्याची मूद पाडून, वर केशर घालून त्याच्यापुढे ठेवली. पोर इकडेतिकडे पाहत म्हणाले, "आजी, केक नाही? मग माझा बर्थडे कुठे आहे?"

सूनबाई हसून त्याला म्हणाली, "पुढचे बर्थडे आपण आपल्या घरी करू हं."

ते 'आपल्या घरी' माझ्या कानांतून गेलेच नाही. मंडळी परत गेल्यावर मी रशीदाभाभींच्या दारात उभी राहिले. म्हटले, "मला केक सजवायला शिकवा. पोर पुन्हा आले पाहिजे."

*

पहिला केक कुकरमध्ये वाळू घालून भाजला. छान फुगला. "आता पूर्ण निवू द्या, मगच क्रीम लावा," असे बजावून भाभी नमाजासाठी घरी गेल्या.

ताराबाईला ते पटेना. "निवू द्यायचा? देवाला गार निवद दावायचा व्हय, माई? माझ्या सासूनं ऐकलं तर सरगातनं उतरंल!"

मलाही तिचे म्हणणे शास्त्राला धरून वाटले. वाफाळत्या केकवर आम्ही क्रीम थापले, वर गुलाब काढले, तुळशीपत्र ठेवले आणि डोळे मिटून नैवेद्य दाखवला. डोळे उघडले तो गुलाब ताटाच्या काठावर पोहोचले होते!

भाभी आल्या आणि दारातच थबकल्या. "या अल्ला! हे काय झालं?"

ताराबाई शांतपणे म्हणाली, "काय न्हाई भाभी. तुमच्या क्रीमनं देवाला लोटांगण घातलं!"

त्या दिवसापासून नियम ठरला: देवाला गरम, क्रीमला गार. नैवेद्य आधी साध्या केकचा, सजावट संध्याकाळी.

*

पुढची अडचण भुग्याची. पांढऱ्या क्रीममध्ये केकचा चुरा मिसळे आणि केक अंगावर देवीचे फोड आल्यासारखा दिसे. भाभींनी उपाय सांगितला: आधी पातळ हात द्यायचा, चुरा त्यात बसू द्यायचा, तो थर घट्ट झाला की दुसरा जाड हात.

"म्हंजी आधी गिलावा, मग चुना! आधी सांगायचं न्हाई का?" ताराबाई म्हणाली.

पण हात फिरवताना केक फिरला पाहिजे. ताराबाई तो फिरवू देईना. "देवाफुडनं उचलल्यालं ताट गरागरा फिरवत न्हाईत. आपुन फिरायचं!" तिने क्रीमची सुरी हातात धरून केकला प्रदक्षिणा घालायला सुरुवात केली आणि थोड्याच वेळात चक्कर येऊन पोत्यावर बसली.

भाभींची नजर कोपऱ्यातल्या जात्याकडे गेली. ते सासूबाईंचे जाते. घरात दळणारे कोणी उरले नव्हते, खाणारेही. वरच्या तळीवर केक ठेवला, ताराबाईने खुंटा धरला, भाभींनी सुरी टेकवली. काय सुंदर क्रीम बसू लागले! जाते म्हणजे देवच; त्यावर केक फिरतो, याला ताराबाईचीही हरकत उरली नाही.

इतक्यात तिला ओवी आठवली. खुंट्याला हात आणि ओठांवर ओवी, मग वेगाचे भान कुणाला? भाभी ओरडल्या, "ताराबाई, केक आहे, ज्वारी नाही!" तोवर निम्मे क्रीम माझ्या भिंतीवर गेले होते.

किती वर्षांनी त्या घरात जात्याची घरघर झाली होती! मी भिंत पुसायला त्या दिवशी घाई केली नाही.

*

एकदा थंडीत मार्गशीर्षातला गुरुवार, एकादशी आणि रमजान असे तिन्ही एकत्र आले. भाभींच्या दौंडच्या बहिणीकडे नातवाचा पहिला वाढदिवस होता. रोजा सोडल्यावर केक कापायचा होता. आम्ही जीव ओतून केक सजवला. पण क्रीम चाखणार कोण? मला एकादशी, ताराबाईला गुरुवार, भाभींना रोजा!

"वासावरनं तर झ्याक हाय," असा ताराबाईने निर्वाळा दिला आणि केक दौंडला रवाना झाला.

दुसऱ्या दिवशी भाभींच्या बहिणीचा फोन आला. "आपा, केक फार सुंदर होता. बरोबर थोडी चटणी पाठवायला हवी होतीस!"

पाकीट पाहिले तेव्हा उलगडा झाला. क्रीमसाठी बिनमिठाचे लोणी लागते; आम्ही खारे फेटले होते. ताराबाई म्हणाली, "म्हंजी तिगींचंबी उपास देवाला पावले. न्हाईतर आपल्याला खावा लागला असता!"

*

एका चैत्रात श्रीरामचे येणे ठरले. मी केकवर ठळक अक्षरांत 'श्रीराम' लिहिले. दुपारी मुलाचा फोन आला: रजा मिळाली नाही.

आता केक तर कापायला हवा. भाभींनी सुरी पुढे केली. ताराबाईने दोन्ही हात केकवर आडवे धरले. "रामाच्या नावावर सुरी? माझ्या देखत?"

माझाही हात होईना. आम्ही कडेकडेने कापत गेलो, आळीत वाटत गेलो. अखेरीस ताटात मधोमध एक बेट उरले आणि त्यावर नाव. ते तसेच झाकून मी निजले. सकाळी पाहते तो मुंग्यांची रांग! त्यांनी बिचाऱ्यांनी कुणाला न विचारता नामस्मरण पूर्ण केले होते.

पुढल्या खेपेपासून भाभींनी तोड काढली: नाव वेगळ्या बिस्किटावर लिहायचे, ते केकवर टेकवायचे आणि कापण्याआधी उचलून घ्यायचे. ती बिस्किटे मी डब्यात ठेवत गेले. खाणारा आला नाही.

*

आणि मग तो चैत्र.

बाहेर धुळीची वावटळ होती, म्हणून खिडक्या लावलेल्या. लोडशेडिंगमुळे पंखा बंद. केक टेबलावर होता. शोभा म्हणून ताराबाईने त्यावर एक मेणबत्ती लावून ठेवली होती. 'आई, याही वर्षी जमत नाही,' हे सकाळीच कळले होते. तेवढ्यात फोन वाजला.

"आजी, केक केलास?" श्रीरामचा आवाज फुटला होता. क्षणभर मला ओळखूच आला नाही.

"केला रे."

"कँडल लावली? मग विझव ना."

"बाळा, ज्योत तोंडाने फुंकायची नाही, असे माझ्या आईने शिकवले आहे."

"मग मी विझवतो. फोन कँडलजवळ धर."

वायर पुरेना. भाभींनी टेबल ओढून जवळ आणले. मी रिसीव्हर ज्योतीसमोर धरला. आतून "फूऽऽ" असा आवाज आला.

ज्योत विझली!

"माई, इझली की वं!" ताराबाई हात जोडून भिंतीला टेकली. टेबलाशी वाकलेल्या भाभी सरळ होऊन पदराने ओठ पुसत होत्या. मी रिसीव्हर कानाला लावला.

"आजी, विझली?"

"विझली रे, बाळा."

"खरंच? पण आजी, इथं माझ्यासमोर पण एक आहे. ती अजून जळतेय!"

"राहू दे," मी म्हणाले. "ती राहू दे."

ऐकणाऱ्या तुम्हां सर्वांच्या घरी चूल पेटती राहो, पानाला पान लागो, आणि ज्या दाराशी कोणी वाट पाहत बसले असेल, त्या दाराची कडी लवकर वाजो!