काकांचा हिसका

“हात वर!” म्हणायचे आणि काका आमच्या लाइफ जॅकेटचे दोन्ही खांदे धरून असा हिसका द्यायचे, की टाचा उचलल्या जायच्या. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर शिक्षा एकच. पट्टे सोडायचे आणि पुन्हा बांधायचे.

कोपरच्या खाडीत विसर्जनाला होडीतून जाणाऱ्या आम्हा स्वयंसेवकांना जॅकेटं बांधायचं काम त्यांचं. माणूस जुन्या गावातला, आडदांड, सारा जन्म पाण्यावर काढलेला.

“वजन सांग. खरा सांग,” त्यांनी पहिल्या वर्षी विचारलं. सोसायटीच्या बायका ऐकत होत्या, म्हणून मी पंचाहत्तर म्हणालो. काकांनी माझ्या पोटाकडे पाहिलं.

“सायब, पान्याला खोटा चालत नाय,” म्हणाले आणि नव्वद किलोवालं काढलं. बायका खो खो हसल्या.

तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं. जगाला शिस्त लावतील, स्वतः मात्र मोकळी. काका जॅकेट कधीच घालत नसत. विचारलं तर उत्तर ठरलेलं, “मना कशाला? खारीनं पोसलाय मना.” खारी म्हणजे खाडी.

मग त्यांना हृदयविकाराचा झटका आला. आजारपणात निम्मे झाले. डॉक्टरांनी पाण्यात जायला बंदी केलेली, तरी अनंत चतुर्दशीला स्वारी धक्क्यावर हजर, एक पाय होडीत. मला भीतीच वाटली. मी आडवा उभा राहिलो.

“काका, जॅकेट घातल्याशिवाय होडी सुटणार नाही.”

“तू सांगतस मना?”

“वजन सांगा. खरं सांगा.”

काका हसले. मग खाली बघत म्हणाले, “बावन.”

मी सगळ्यात लहान जॅकेट काढून पट्टे आवळले. “हात वर!” म्हटल्यावर त्यांनी मुकाट्याने हात वर केले. मी हलकेच ओढलं.

“असा नाय. जोरान वढ.”

मी जोरात हिसका दिला. जॅकेट हललं नाही, काकाच वर आले. एवढा हलका झालेला माणूस हाताला लागला आणि माझे डोळे भरून आले.

“हां,” ते म्हणाले, “आता होरी सोर.”

शिमग्याच्या आधी काका गेले.

यंदा धक्क्यावर जॅकेटं वाटायला मीच होतो. ढिगात ते लहान जॅकेट सापडलं. पट्टे अजून त्यांच्याच मापाला आवळलेले. सवयीने मी खांदे धरून हिसका दिला. जॅकेट सहज वर आलं.