तीन इसा लाभ

जानेवारीतला दुसरा रविवार. ठिकाण अकोट. रक्कम एकशे साठ रुपये, रोख. हजर माणसं चार: मी, माझे यजमान, प्राजक्ता आणि गोदामाय. पावती नाही.

पतसंस्थेत चोवीस वर्षं मी हिशेब तपासले आणि पावतीशिवाय कोणाचा रुपया मंजूर केला नाही. म्हणून हे आधी लिहून टाकलं. आता ही रक्कम कशाची होती ते सांगायचं, तर सगळंच सांगावं लागेल.

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि त्यातल्या चुका काढते... अमावास्येला चांदणं कसं पडलं, बंद घड्याळात बारा कोणी पाहिले, वगैरे. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आजही मी कुठे नारळ फोडायला गेलेले नाही. पण जे झालं ते माझ्यासमोर झालं, आणि कोणाला बरं वाटावं म्हणून ते झालंच नाही असं मी म्हणणार नाही. ज्यांना हसायचं आहे त्यांनी हसावं.

अमरावतीत बडनेरा रोडच्या बाजूला आमचं घर. वरची खोली भाड्याने देतो. तीन वर्षांपासून तिथे प्राजक्ता राहायची. मुलगी अकोटची, घरी शेवंती-झेंडूचा मळा. बीडीएसच्या शेवटच्या वर्षाला होती.

डेंटलची पोरं नुसती पुस्तकं वाचतात असं मला वाटायचं. तसं नसतं. त्यांना कोटा असतो. इतक्या दाढा काढायच्या, इतके दात भरायचे, इतक्या कवळ्या करायच्या, आणि पेशंट ज्याचा त्याने आणायचा. स्टँडवर जाऊन ही पोरं अनोळखी म्हाताऱ्यांना म्हणतात, "काका, तोंड दाखवा ना जरा." परीक्षेलाही तेच. पेशंट आला नाही तर तुमचा अभ्यास कितीही असो, तुम्ही नापास.

प्राजक्ता कवळीच्या विषयात एकदा नापास झालेली. हात थरथरायचा. मेण कापायची सुरी हातात धरली की ती स्पिरिटच्या दिव्यावर टकटक वाजायची. विभागातले सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझे हात या कामाचे नाहीत. दुसरं काही बघ." त्या दिवसापासून तिचा डबा भरलेलाच परत यायला लागला.

एका संध्याकाळी जिन्यावर बसली होती. स्वतःच्या तळव्यांकडे बघत म्हणाली, "काकू, हे हात माझे वाटतच नाहीत. ह्या वेळी नापास झाली तर मी इथं नाही राहणार. अकोटलेही नाही जाणार."

"मग कुठे जाणार?"

ती परत तळव्यांकडे बघायला लागली. मला ते आवडलं नाही. त्या रात्रीपासून मी तिला खोलीची कडी लावू दिली नाही.

कॉलेजने मुलांसाठी ताणतणावावर एक व्याख्यान ठेवलं होतं. आल्यावर मी विचारलं, काय सांगितलं?

"श्वास घ्या, पाणी प्या, छंद जोपासा."

"आणि मग?"

"मग त्याच सरांनी माझं जर्नल फेकलं."

मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेले. सरांना म्हटलं, या मुलीला कामाची भीती नाही, तुमची आहे. सर म्हणाले, "मॅडम, या क्षेत्रात प्रेशर असतंच." मी म्हटलं, "कुकरमध्येही असतं सर. पण त्याला शिट्टी ठेवलेली असते." त्यांनी मला दार दाखवलं. मी चहा न पिता आले, कारण दिलाच नव्हता.

मग मी माझ्या पद्धतीने सुरू केलं. रोज दुपारच्या चहाआधी व्हरांड्यात लाकडी खुर्ची टाकायची. मी पेशंट. चमचा, कणकेचा गोळा, मेणबत्ती. सुरी पडली तर पडू दे, इथे मार्क कोणी देत नाही. काम झालं की माझ्यासमोर दोन पोळ्या खायच्या, ही फी. आमचे हे पेपरमागून म्हणाले, "हिचं तोंड बंद ठेवायला कोणीतरी शिकवावं अशी माझी इच्छा होती. तू तर उघडं ठेवायला शिकवून राहिली." त्या दिवशी पोरगी बऱ्याच आठवड्यांनी हसली.

तिची परीक्षेची पेशंट म्हणजे गोदामाय. अकोटला त्यांच्या शेजारी राहणारी, हार-गजरे करून विकणारी म्हातारी. तोंडाचं पार बोळकं. प्रत्येक वेळी एसटीने यायची, कॉलेजचं काम झालं की आमच्याकडे जेवायची, मऊ वरणभात. जाण्यायेण्याचं अर्ध्या तिकिटाचं भाडं प्राजक्ता द्यायची.

एकदा त्या दोघींनी व्हरांड्यातच सराव केला. कवळी करताना पेशंटच्या तोंडात मेणाच्या कडा बसवतात आणि त्याला साठ ते सत्तर मोजायला लावतात. साठीच्या आकड्यांत 'स' येतो. 'स' म्हणताना वरच्या-खालच्या कडांमध्ये बारीक फट राहायला हवी, नाहीतर पुढे कवळी वाजते. हे मला प्राजक्ताने सांगितलं.

"माय, साठपासून मोज."

"साठ म्हंजे तीन इसा," गोदामाय म्हणाली आणि सुरू झाली. "तीन इसा. तीन इसा लाभ. तीन इसा दोन. तीन इसा तीन..."

इसा म्हणजे वीस. शाळा न शिकलेली जुनी माणसं फुलं, विड्याची पानं अशी विसाविसाने मोजत. आणि खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतात, ते तिने फुलांनाही लावलं होतं.

"लाभ नाही माय, एक म्हण. परीक्षेत सर हासतीन."

"हासू दे. एक म्हनलं का मोजनं एकटं पडते. लाभ म्हनलं का बरकत येते. तुले दात लावाचे हायेत का मले शाळेत घालाचं हाये?"

मी हसत होते, आणि हसता हसता माझं लक्ष प्राजक्ताच्या हाताकडे गेलं. सुरी हलत नव्हती. गोदामायनेही ते पाहिलं होतं.

"पाह्य, मी मोजतो तं तुहा हात हालत नाही. परीक्षेले मी येतोच. मी मोजीन, तू काम कर."

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी अकोटहून फोन आला. फुलं तोडताना वाफ्यांमधल्या ओल्या सरीत गोदामायचा पाय घसरला. हाड मोडलं, प्लास्टर झालं. येणं शक्य नाही.

परीक्षेच्या दिवसांत बिनदातांचा एकही माणूस गावात मोकळा नसतो, सगळे कोणी ना कोणी धरून ठेवलेले. प्राजक्ता परत जिन्यावर जाऊन बसली. तिचा चेहरा बघून मी अकोल्याला फोन लावला. तिथे माझे मावसभाऊ, सुधाकरदादा. बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालेले. तोंडात एक दात नाही. पण दोन वर्षांपूर्वी लकवा झाला, चालणं परत आलं, वाचा आली नाही. 'हो'सुद्धा म्हणत नसत.

वहिनी म्हणाल्या, "ताई, घेऊन येतो आम्ही. तोंड उघडतील ते. पण बोलणार नाहीत, ते चालंल का?"

मी प्राजक्ताकडे पाहिलं. "मोजनं दुसऱ्या दिवशी असते काकू," ती म्हणाली. "पहिला दिवस तरी निघन."

पहिला दिवस निघाला. दादांच्या तोंडाचे साचे झाले. दोघं आमच्याकडे मुक्कामाला राहिले. प्राजक्ता जेवून थेट झोपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा खुर्चीत, आणि पेशंटला बोलता येत नाही म्हणून सोबत मी उभी. वहिनी दाराबाहेर बाकावर. बाहेरगावच्या एक परीक्षक बाई आणि विभागातले तेच सर आमच्याजवळ आले. सर जवळ येताच सुरी दिव्यावर वाजायला लागली. टक टक टक... शेजारच्या खुर्चीवरच्या मुलानेही वळून पाहिलं.

"पेशंटला मोजायला सांगा," परीक्षक बाई म्हणाल्या.

"मॅडम, त्यांना पॅरालिसिस झालेला आहे. बोलता येत नाही."

"मग आणलाच कशाला?" सर म्हणाले.

प्राजक्ताने दादांच्या तोंडात मेणाच्या कडा बसवल्या. हात इतका हलत होता की दोनदा घसरल्या. मग ती खाली वाकली आणि, सवयीने म्हणा, घाबरून म्हणा, त्या टक्कल पडलेल्या, मिशीवाल्या माणसाला म्हणाली, "साठपासून मोज, माय."

सर हसले. त्यांचं हसू संपायच्या आत दादा बोलले.

"तीन इसा."

मी खुर्चीची पाठ धरली.

"तीन इसा लाभ. तीन इसा दोन. तीन इसा तीन..."

आवाज दादांचाच होता, गंजलेला, दोन वर्षं न वापरलेला. बाईचा वगैरे नव्हता, ते मी मुद्दाम सांगते. मोजणं मात्र गोदामायचं होतं. त्याच ठेक्यात, प्रत्येक आकड्यानंतर तसंच किंचित थांबून. प्राजक्ताने मान वर केली नाही. फटीकडे बघत होती. सुरी वाजायची थांबली होती. तिने मेणावर एक रेघ ओढली, मग दुसरी. मी पतसंस्थेच्या वहीतही इतकी सरळ रेघ पाहिलेली नाही. दादा 'साडेतीन इसा'ला पोचले आणि गप्प झाले.

"हे काय मोजतायत?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"साठ ते सत्तर," मी म्हटलं. "इसा म्हणजे वीस. तीन वीस साठ."

त्यांनी मनाशी हिशेब केला. "बरोबर आहे," म्हणाल्या. मग सरांकडे वळून, "मुलीचा हात चांगला आहे."

सर दुसऱ्या खुर्चीकडे गेले.

वहिनी दारात उभ्या होत्या. पदर तोंडात. "अहो, अजून एकदा म्हणा," म्हणाल्या. दादांनी त्यांच्याकडे पाहिलं, नेहमीसारखं. ते आजपर्यंत पुन्हा बोललेले नाहीत.

आता तपासणी. मी सोडणारी नाही.

अकोल्यात दादांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना भेटले. ते म्हणाले, असं होऊ शकतं. वाचा गेलेला माणूस कधीकधी पाठ असलेलं म्हणून जातो. आकडे, आरती, प्रार्थना. ते मेंदूत वेगळ्या वाटेने येतं. मला हे पटलं. पण मग दादांनी एकसष्ट, बासष्ट म्हणायला हवं होतं. जन्म अकोला शहरातला, नोकरी नोटा मोजण्याची. वहिनींना 'लाभ' काय ते मला समजावून सांगावं लागलं. गोदामायला दादांनी कधी पाहिलेलं नाही. मुक्कामाच्या रात्री आमच्या घरात कोणी ते मोजणं म्हणून दाखवलं का, हे मी प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं. नाही. डॉक्टरांना हे सांगितलं, तर त्यांनी पेनचं टोपण लावलं आणि म्हणाले, "तेवढं मला सांगता येणार नाही." माणूस प्रामाणिक.

एका नातेवाईक बाईंनी सुचवलं, घराची शांत करून घ्या. मी म्हटलं, शांत करण्यासारखं काय झालं? त्या पोरीचे हात शांत झाले, तेवढं मला पुरे आहे.

प्राजक्ता पास झाली. तिळाचे लाडू घेऊन आम्ही तिघं अकोटला गेलो, तोच हा जानेवारीतला रविवार. गोदामाय बाजेवर बसलेली, पाय प्लास्टरमध्ये. तिला तिकडे काय घडलं ते कोणीच सांगितलेलं नव्हतं. मीच सांगू दिलं नव्हतं, उत्तर आधी फुटू नये म्हणून.

"गोदामाय," मी सहज विचारल्यासारखं केलं, "परीक्षेचा दुसरा दिवस होता, त्या दुपारी काय करत होत्या तुम्ही?"

"मोजून राहिली होती."

"फुलं?"

"फुलं तं सून घेऊन गेली होती बजारात. पोरीले सांगतलं होतं ना म्या, येतो म्हनून. डाक्टरनं पाय बांधून ठेवला. मंग बसल्या बसल्या मोजलं." मग प्राजक्ताकडे बघून, "आयकू आलं ना वं?"

प्राजक्ताचे डोळे भरले होते. "आलं, माय."

"मंग भाडं दे."

आमचे हे मोठ्याने हसले. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "गोदामाय, एसटीत बसल्याच नाहीत तुम्ही. तिकीट कुठे आहे?"

"तिकिटाचं काय घेऊन बसली बाई? काम झालं का नाही झालं?"

"झालं."

"मंग मी आली होती का नव्हती?"

इतका सरळ प्रश्न मला नोकरीत कोणी विचारला नव्हता. प्राजक्ता पर्स उघडत होती, तिला मी थांबवलं आणि माझ्या पाकिटातून विसाच्या नोटा काढल्या. गोदामायने त्या एकेक करून मांडीवर मांडल्या. "लाभ. दोन. तीन..." शेवटची ठेवून म्हणाली, "आठ इसा. बरोबर हाये," आणि कनवटीला खोचल्या.

अकोट ते अमरावती आणि परत, अर्धं तिकीट, एकशे साठ रुपये, गोदामायला दिले. तिकीट जोडलेलं नाही. मंजूर.