तोटीखालचे तेल

आमच्या दुकानातील टाकीची तोटी तळापासून वीतभर उंचीवर बसवलेली होती. ही बाब मी सर्वांत आधी नमूद करतो, कारण माझ्या थोरल्या भावाने सहा महिन्यांचा कारावास भोगला तो या वीतभर अंतरापायी. हुबळीच्या बाजारात त्याची निराळीच कारणे आजही सांगितली जातात. आम्ही खोबरेलात स्वस्त तेल मिसळले, असे काही म्हणतात. निरीक्षकाला पाकीट पोचले नाही, असे इतर म्हणतात. पहिले विधान धडधडीत बदनामी आहे. दुसरे सिद्ध करता येत नाही, म्हणून मी ते करत नाही. ज्यांना करायचे असेल त्यांनी ते लेखी करावे.

आमचे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणत असू, तरुणपणी मिरजेकडून इकडे आले आणि त्यांनी खोबरेलाचा घाऊक व्यापार मांडला. किनाऱ्यावरून घाट चढून येणाऱ्या लॉऱ्यांतून पिंपे उतरत, पिंपांतले तेल टाकीत ओतले जाई आणि टाकीतून डबे भरून किराणावाल्यांना व उडुपी हॉटेलांना जाई. दुकानाचा परवाना अण्णाच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या नावावर होता. मी धारवाडला कायद्याची पदवी घेतली, पण सनद घेतली नाही. अप्पांना पत्रव्यवहार सांभाळणारा माणूस हवा होता. मी तो सांभाळला. चेपलेल्या पिंपांबद्दल वाहतूक कंपनीला, तुंबलेल्या गटाराबद्दल नगरपालिकेला, चुकीच्या बातमीबद्दल संपादकांना मी पत्रे लिहीत असे. बाजारात तोंडावर मला ‘लहान अण्णा’ म्हणत आणि पाठ वळताच ‘अर्जी’. मला दोन्ही ऐकू येत.

खोबरेल राखणे हे कष्टाचे काम आहे आणि अप्पांइतके ते काटेकोरपणे करणारा माणूस मी पाहिला नाही. पाण्याचा एक थेंबही तेलात गेलेला त्यांना चालत नसे. ओला हात घेऊन टाकीजवळ येणाऱ्या हमालाला ते परत पाठवीत आणि हात कोरडा करूनही पुन्हा जवळ येऊ देत नसत. थंडीच्या सकाळी पिंपातले तेल तुपासारखे थिजून बसे. शेजारचे व्यापारी अशा पिंपाखाली शेकोटी घालत. अप्पा पिंप मागच्या अंगणात उन्हात आडवे करून ठेवीत आणि गिऱ्हाईक कितीही ओरडले तरी ते आपोआप सुटेपर्यंत थांबत. पितळेचे माप दुकानात नव्हते, कारण पितळेने तेल लवकर बिघडते. टाकी अंधाऱ्या खोलीत होती, तिचे झाकण घट्ट होते, आणि तेलावर हवा साचू नये म्हणून ती शक्यतो काठोकाठ भरलेली असे.

आणि एवढे सगळे पाळणारा हा माणूस टाकी कधीही रिकामी करत नसे.

व्यापाऱ्याच्या घरातले साठवणीचे भांडे तळापर्यंत खरवडायचे नाही, त्यात लक्ष्मी म्हणून थोडे शिल्लक ठेवून त्यावर नवे भरायचे, ही आमच्याकडील पद्धत. धान्याच्या बाबतीत तिचे फारसे नुकसान नाही. अप्पांनी ती तेलाला लावली, आणि एखाद्याच्या हातून चुकूनही मोडू नये म्हणून टाकी बनवून घेतानाच तोटी वीतभर वर बसवली. त्यामुळे तोटीखालचे तेल कधी पुरते बाहेर येत नसे; नवे ओतताना त्यातले थोडे ढवळून वर मिसळे, एवढेच. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी टाकीच्या झाकणाला हळदकुंकू लागे आणि दर दिवाळीला आमचे भांडण होई.

“अप्पा, जुनं तेल नव्याला नासवतं. दह्याच्या विरजणासारखं आहे ते. खालचा गाळ एकदा काढू या.”

“लक्ष्मी खरवडून गटारात घालतोस? तुला कायदा शिकवला तो ह्यासाठी?”

“मी गटारात म्हटलं नाही. साबणवाल्याला देऊ.”

“तू कागदं लिही. टाकीला हात लावू नको.”

अण्णा अशा वेळी हसून म्हणे, “अप्पा, त्याला लिहू द्या की. तुम्हालाच एक नोटीस पाठवेल.”

मी ती पाठवली. एकाच घरात राहून, एकाच पंगतीला जेवून, मी माझ्या वडिलांना रजिस्टर्ड पोस्टाने कळवले की सदर टाकीतील तळाचे तेल तात्काळ काढावे. पोस्टमनने ते दुकानात आणून दिले. अप्पांनी सही करून घेतले, वाचले, घडी घालून खिशात ठेवले आणि मला विचारले, “पोस्टाचा खर्च दुकानातनं घेतलास की तुझा?”

त्याच सुमारास अन्नभेसळीचा कायदा कडक झाला. पूर्वी दंडावर सुटणाऱ्या प्रकरणांत आता किमान सहा महिने कैद ठरली. मी त्या दुरुस्तीची प्रत आणून अण्णाला वाचून दाखवली. अण्णाने ती नीट ऐकली आणि म्हणाला, “आपण भेसळ करतो काय?” मी म्हणालो, भेसळ केली नाही तरी तेलातला आम्लांश मर्यादेबाहेर गेला की कायद्याच्या दृष्टीने ती भेसळच. तो म्हणाला, “मग कायद्याला तेल कळत नाही.”

पावसाळ्याच्या तोंडाशी माल येणे लांबले होते. टाकी जवळजवळ तोटीपर्यंत उतरली होती, आणि नेमका त्या दिवशी अन्न निरीक्षक आला. तोटीतून जे आले ते निम्मे तळाचेच होते. त्याने तीन बाटल्या भरल्या, सील केल्या, पंच म्हणून समोरच्या पानवाल्याची सही घेतली. बाटल्या कोरड्या होत्या की नाही हे त्याने आम्हाला दाखवले नाही, आणि याविषयी मी आरोग्य अधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रांना आजतागायत उत्तर नाही.

अहवाल आमच्या विरुद्ध आला. खटला उभा राहिला. कायद्याने आरोपीला दुसरी बाटली केंद्रीय प्रयोगशाळेत पाठवण्याचा हक्क दिला आहे. तो अर्ज मी स्वतः लिहिला आणि तो मंजूर झाला. पण तोपर्यंत ती बाटली आरोग्य कार्यालयाच्या कपाटात, पत्र्याच्या छपराखाली, अख्खा उन्हाळा उभी होती. दुसरा अहवाल पहिल्याहून वाईट आला, आणि कायद्याने तोच अंतिम. या बाबतीत माझ्या संतापाला मी आजही आवर घालत नाही. ज्या सरकारने आम्हाला तेल नीट ठेवले नाही म्हणून आरोपी केले, त्या सरकारने त्याच तेलाचा पुरावा भट्टीत ठेवला होता.

बाजारात थट्टा सुरू झाली. केशवापूरच्या सिटी बसमध्ये एका मिरचीच्या व्यापाऱ्याने मला सर्वांदेखत विचारले, “काय ओ अर्जी, तेल नासलं म्हणून कोर्ट. मग मिरची नासली तर फाशी काय?”

“तुमची मिरची तपासली तर कळेल,” मी म्हणालो. बस हसली, मी हसलो नाही.

आमच्या वकिलांच्या मते एक मार्ग उरला होता. किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्याच्या बिलावर मालाच्या शुद्धतेची लेखी हमी होती. जसा माल मिळाला तसाच नीट साठवून विकला, हे दाखवता आले तर विक्रेता सुटतो. वकील अण्णाला म्हणाले, “तुम्ही एवढंच सांगा. नवा माल येण्याआधी टाकी रिकामी करून पुसून घेतो. पुढचं मी बघतो.”

हे वाक्य खोटे होते. परंतु आरोपीच्या जबाबाला शपथ नसते, आणि त्या एका वाक्यावर माझ्या भावाची सुटका अवलंबून होती. मी ते कानडीत लिहून अण्णाकडून म्हणवून घेतले. त्याने ते शाळेतल्या कवितेसारखे पाठ केले.

जबाबाच्या दिवशी अप्पा कोर्टात आले. मी त्यांना येऊ नका म्हणून सांगितले होते. ते धुतलेले धोतर आणि काळी टोपी घालून भिंतीकडच्या बाकावर बसले. मॅजिस्ट्रेटनी अण्णाला विचारले, टाकी शेवटची कधी रिकामी केली? अण्णाने तोंड उघडले. मग त्याची नजर बाकाकडे गेली.

“खाली माडंगिल्ल, स्वामी,” तो म्हणाला. “नम्म मनि पद्धत.”

रिकामी करत नाही, आमच्या घरची पद्धत. वकिलांनी हातातली फाइल मिटली. मॅजिस्ट्रेटनी पुन्हा विचारले, कधीच नाही? अण्णा म्हणाला, टाकी बनली तेव्हापासून कधीच नाही, आणि हे त्याने ज्या स्वरात सांगितले तो स्वर आरोपीचा नव्हता. बाकावर अप्पांनी मान हलवली, जशी ते गिऱ्हाइकासमोर अण्णाने बरोबर भाव सांगितला की हलवीत.

बाहेर आल्यावर मी अण्णाचा दंड धरला. “एक वाक्य होतं. एकच.”

“अप्पांसमोर?” तो म्हणाला.

शिक्षा झाली. अपील केले, जामीन मिळाला, आणि अपील वर्षानुवर्षे पडून राहिले. दरम्यान अप्पा अंथरुणाला खिळले. बोलणे तुटक झाले होते, पण कोणी खोलीत आले की विचारीत, “टाकी?” अण्णा सांगे, “आहे, अप्पा. भरलेली आहे.” ते गेले तेव्हा अपिलाचा निकाल यायचा होता. निकाल आला, अपील फेटाळले गेले, आणि अण्णा धारवाडच्या तुरुंगात हजर झाला. जाण्यापूर्वी परवाना माझ्या नावावर करून घ्यावा लागला. शिक्षा झालेल्याच्या नावावर तो राहू शकत नव्हता. यापुढे त्या तोटीतून जे निघेल त्याचा आरोपी मी होतो.

मी पहिले काम टाकीचे केले. वरचे तेल पिंपांत काढले आणि झाकण पूर्ण उघडून दिवा आत धरला. तळाशी जे होते त्याला तेल म्हणणे चुकीचे ठरेल. तपकिरी, चिकट, खळीसारखे काहीतरी. त्याला जुन्या रंगाचा आणि साबणाचा मिळून वास येत होता, आणि तो वास कपड्यांतून धुऊनही गेला नाही. आम्ही दर खेपेला किनाऱ्यावरून चांगले, गोड वासाचे तेल आणत होतो आणि या राड्यावर ओतत होतो.

हमाल खरवडायला उतरणार तोच वहिनी केशवापूरच्या आमच्या घरून बसने आली. हातात झाकणाचा स्टीलचा डबा होता. “ह्यांनी सांगितलंय,” एवढेच ती म्हणाली, आणि तळातले थोडे डब्यात भरून घेऊन गेली. देवापुढच्या दिव्यासाठी असेल असे समजून मी विचारले नाही. नंतर टाकी कोरड्या भुशाने घासली, उन्हात वाळवली, तळाला नवी तोटी बसवून जुनीचे भोक बुजवले. त्यानंतरचा माल महिनोन्महिने गोड राहिला. मी प्रत्येक खेपेचा नमुना तपासून घेतला. असे तेल आमच्या दुकानात पूर्वी कधी विकले गेले नव्हते, हे मी जबाबदारीने सांगतो.

अण्णा सुटून आला तो वाळलेला होता. केस पांढरे झाले होते आणि कोणी बोलले तर तो आधी उठून उभा राहत असे. घरी आंघोळ करून तो सरळ दुकानात आला, वहिनी मागे, तिच्या हातात तो डबा. टाकी त्या दिवशी रिकामी होती. नवी पिंपे अंगणात उभी होती. अण्णाने वाकून तळातली तोटी पाहिली, बुजवलेल्या भोकावर अंगठा ठेवला आणि डब्याचे झाकण काढले. तोच वास आला.

मी त्याचे मनगट धरले. “अण्णा, परवाना माझ्या नावावर आहे. पुढच्या वेळी मी जाईन.”

“जाशील तर जा,” तो म्हणाला. “मी जाऊन आलो की.”

“अप्पा आता नाहीत. कोणासाठी करतोस?”

तो अगदी हळू म्हणाला, “हे चूक होतं म्हटलं, तर मी आत कशासाठी बसलो, ते तू मला लिहून दे. तू लिहितोस ना सगळं?”

मी मनगट सोडले. त्याने डबा टाकीत पालथा केला, बोटाने पुसून घेतला, आणि ते बोट डोळ्यांना लावले.

मी पिंपे ओतू दिली नाहीत. त्या संध्याकाळी परवाना रद्द करावा असा अर्ज मी लिहिला आणि स्वतः नेऊन दिला. माझ्या आयुष्यात सरकारला लिहिलेल्या कागदांपैकी तेवढ्याचेच उत्तर ताबडतोब आले. पिंपे शेजाऱ्याने घेतली. टाकी कोणी घेतली नाही. ती अजून त्या अंधाऱ्या खोलीत आहे, आणि अण्णा होता तोपर्यंत दर दिवाळीला तिच्या झाकणाला हळदकुंकू लागत असे.