पाडा म्हटलं की पाडायचा

आमच्या पस्तीस मिनिटांच्या एकांकिकेचा पडदा सहा वेळा पडला. त्यातला एकच संहितेत होता.

बाकीच्या पाचांना मी जबाबदार आहे, हे आज पहिल्यांदाच लेखी कबूल करते. (त्या दिवशी मी दोष दोरीला दिला होता. दोरी बिचारी काही बोलली नाही.)

गुजरातच्या सीमेवरच्या आमच्या झाई गावच्या युवा नाट्यमंडळात मी शिरले ती दोन हजार चौदा साली, आठवीत असताना. अभिनयाची ओढ वगैरे काही नव्हती. आमच्या चिकूच्या वाडीला लागून असलेल्या समाजमंदिरात मंडळाची तालीम चालायची, आणि आतून रोज संध्याकाळी कुणीतरी कुणालातरी घराबाहेर काढायचं. एवढं काय भांडण चाललंय आणि ते रोज त्याच शब्दांत कसं चालतं, हे बघायला मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. आमचे दिग्दर्शक हेमंतदादा यांनी मला तिथून आत बोलावलं आणि झाड केलं.

त्यानंतर माझी प्रगती झपाट्याने झाली. नववीत मी गर्दी झाले. (मंडळात माणसं कमी, त्यामुळे गर्दीत मी एकटीच होते.) दहावीत गायीचे मागचे पाय. अकरावीत मला पहिलं वाक्य मिळालं: "साहेब आले!" मी ते इतक्या जोरात म्हटलं की मागच्या रांगेतले दोघं उठून उभे राहिले. साहेब मात्र आलेच नाहीत, कारण साहेब झालेला जिग्नेश मेकअप करून बाहेर भेळ खात होता.

आणि बारावीत मला मुख्य भूमिका मिळाली. सत्तर वर्षांची म्हातारी!

पण त्याच वर्षी पप्पांनी जाहीर केलं, "तलासरीची स्पर्धा झाली की नाटक बंद. मग अभ्यास."

पप्पा एकदा बोलले की बोलले. चार वर्षांत त्यांनी माझं एकही नाटक पाहिलं नव्हतं. राग नव्हता त्यांचा, पण वाडीतल्या माणसाला दिवसाउजेडी खुर्चीत रिकामं बसणं जमत नाही. "बसून काय बघायचं?" हे त्यांचं नाट्यकलेविषयीचं एकमेव मत. मला मात्र एकच आशा होती, की यांनी एकदा बघितलं तर बंद म्हणणार नाहीत. शिवाय कुतूहलही होतंच. मला बघताना पप्पांचा चेहरा कसा होत असेल? वाडीत झाडाला कीड लागली की होतो तसा, की चांगला बहर आल्यावर होतो तसा?

स्पर्धेच्या दोन दिवस आधी आमचा पडदा ओढणारा मुलगा तापाने आडवा झाला. हेमंतदादा डोक्याला हात लावून बसले. मी ताबडतोब पप्पांचं नाव पुढे केलं.

"बसायचं नाही ना गो?" पप्पांनी विचारलं.

"नाही पप्पा. उभंच राहायचं. दोरी ओढली की पडदा वर, सोडली की खाली."

"मग येतो."

दोरीच्या बाबतीत पप्पांचा हात धरणारा आमच्या भागात कुणी नव्हता. वाडीतले नारळ दोरीने खाली सोडतात, तेव्हा वरून शब्द आल्याशिवाय खालच्याने हलायचं नाही आणि शब्द आल्यावर थांबायचं नाही, हा त्यांचा नियम होता. कारण मध्ये विचार करत बसलं की नारळ डोक्यात.

तलासरीच्या शाळेचं सभागृह हायवेजवळ. स्पर्धा दुपारी, आणि बाहेर ट्रकांचे हॉर्न अखंड चालू. पडद्याची दोरी डाव्या विंगेत, हेमंतदादा संहिता घेऊन उजव्या विंगेत. मागे थेट भिंत, म्हणजे इकडून तिकडे जायचं तर रंगमंच ओलांडूनच. त्यात मधे एक भला मोठा खांब, त्यामुळे पप्पांना दादा दिसणार नव्हते. म्हणून दादांनी मला सांगितलं, "काकांना समजावून ये. मी मोठ्याने 'उघडा' म्हटलं की ओढायची, 'पाडा' म्हटलं की सोडायची."

मी तोंडाला सुरकुत्या काढून घेत होते. घाईत होते. मुख्य भूमिका होती ना! मी पप्पांना जाऊन म्हटलं, "'उघडा' ऐकलं की वर, 'पाडा' ऐकलं की खाली."

"कोण म्हणणार?"

"कोणी का म्हणेना! नाटकात असं विचारत बसायची पद्धत नसते पप्पा. ऐकलं की सोडायचं!"

"बरं," पप्पा म्हणाले. त्यांनी टॉवेल कमरेला बांधला आणि दोरी हातात घेतली.

आता सांगायची राहिलेली एक बारीकशी गोष्ट. आमच्या एकांकिकेचं नाव होतं 'आमचा पाडा'. आमच्याकडे गावाच्या आसपासच्या छोट्या वस्तीला पाडा म्हणतात, हे तलासरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. नकाशात नाव नसलेल्या एका पाड्याची ही कथा. नावाची पाटी लागेल म्हणून म्हातारी आयुष्यभर वाट बघते, आणि पाटी येते त्याच दिवशी मरते. फार हृदयद्रावक होतं.

"उघडा!" दादा ओरडले. पडदा वर गेला. मी काठी टेकत पुढे आले, थरथरता हात लांबवला आणि म्हटलं, "लेकरांनो, हा आपला पाडा!"

धाड्कन पडदा खाली.

अंधारात मी हात लांबवून उभी. उजवीकडून दादांचा आवाज आला, "काय झालं गं?"

"दोरी सुटली असेल," मी म्हटलं.

"उघडा!" पडदा वर. प्रेक्षक जरा गोंधळले होते, म्हणून मी दुप्पट भावना ओतली. "लेकरांनो! हा! आपला! पाडा!"

धाड्कन!

"वैशू, काय चाललंय?"

"दोरीच खराब आहे दादा!"

पडदा तिसऱ्यांदा वर गेला. मी ते वाक्य सोडून पुढचं घेतलं. माझं बोलून झाल्यावर सरपंच झालेला जिग्नेश रुबाबात अगदी पुढे आला. जिग्नेश उंबरगावचा, घरी गुजराती बोलणारा, पण मामा झाईला म्हणून आमच्या मंडळात. त्याने मिशीवर हात फिरवून विचारलं, "कुठाय हा पाडा?"

पडद्याच्या खालच्या टोकाला बांबू असतो. तो जिग्नेशच्या अंगठ्यावर आला. "ओ बा रे!" हा त्या दिवसातला त्याचा सर्वांत खरा संवाद होता.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोरी उत्तम होती. पप्पा उत्तम होते. कुणी का म्हणेना, ऐकलं की सोडायचं!

खरं तर चार पावलांवर डावी विंग होती. जाऊन सांगायला काही सेकंद पुरले असते. पण मला लाज वाटली. सगळ्यांना कळलं असतं की दोरी नाही, माझे पप्पा; आणि पप्पा नाही, मी. मी तिथेच काठी धरून उभी राहिले. तोवर दादांनाही उलगडा झाला होता. "उघडा" म्हटल्यावर पडदा अर्धा वर गेला आणि त्यांनी खांबापलीकडे हाक घातली, "काका, पाडा नाही! पाडू नका!"

पप्पांना त्यातला पहिलाच शब्द हवा होता. अर्धा गेलेला पडदा पुन्हा खाली.

एव्हाना प्रेक्षक रंगात आले होते. पुढच्या रांगेत दोन परीक्षक होते. त्यातले चष्मेवाले परीक्षक प्रत्येक वेळी पडदा पडला की वहीत भराभरा काहीतरी लिहीत. काय लिहीत असतील? मार्क कापायला एवढं लिहावं लागतं?

दादांनी खालच्या आवाजात फर्मान काढलं, "तो शब्द टाळा! काहीही करा, टाळा!"

आणि मग शाळेत विभक्तीचे प्रत्यय का शिकवतात, या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. 'पाड्यात' म्हटलं, पडदा हलला नाही. 'पाड्याला', 'पाड्याचा', 'पाड्यावरून'... सगळं सुरक्षित! फक्त प्रथमा धोक्याची होती. "हे पाड्याचं ठिकाण आहे," "या पाड्याने मला वाढवलं," "पाड्याहून मला काही प्यारं नाही," अशी मी पंधरा मिनिटं तृतीया ते सप्तमीत काढली. आमच्या व्याकरणाच्या बाई तिथे असत्या तर त्यांना भडभडून आलं असतं.

जिग्नेशला मात्र विभक्ती पेलवेना. तो 'गाव' म्हणाला, 'वस्ती' म्हणाला, गुजरातीत 'फळियुं'ही म्हणाला. शेवटी एका वाक्यात अडकला आणि घामाघूम होऊन डाव्या विंगेकडे बघत, आता पाडू नका म्हणून गुजरातीत गयावया करू लागला, "काका, हवे ना पाडो हां! ना पाडो!"

पाडो काय नि पाडा काय. सीमेवरच्या माणसाला दोन्ही भाषा येतात. पडदा खाली!

आता मात्र मी लाज गुंडाळून ठेवली आणि धावले. पप्पा विंगेत भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून, दोरी धरून उभे होते.

"पप्पा! तुम्ही बघत का नाही?"

"बघत बसलो तर ऐकायचं राहील."

म्हणजे यांनी अजून माझं काहीच पाहिलं नव्हतं! रडूच यायला लागलं.

"पप्पा, पाडा म्हटलं तरी पाडायचं नाही."

"मग कधी पाडायचा?"

"दादा म्हणतील तेव्हा."

"दादा काय म्हणणार?"

"...पाडा."

पप्पांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "वैशू, तूच म्हणालीस ना, कोणी का म्हणेना?"

"चुकले मी! फक्त शेवटी, मी मेल्यावर, दादांचा आवाज ओळखून."

"कोण बोलतंय ते ओळखायचं तर मग तोंड इकडे करावं लागेल," पप्पा म्हणाले आणि पहिल्यांदाच रंगमंचाकडे वळले.

उरलेलं नाटक विनाअडथळा झालं. पाटी आली, मी पाटीखाली डोकं ठेवून मेले. जिग्नेशने हंबरडा फोडला. आणि उजवीकडून दादा ओरडले, "पाडा!"

काही नाही.

"पाडा!"

काहीच नाही. जिग्नेशचं रडणं संपलं. त्याने ते पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. "आजी गई... आजी गेली..." दादा तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा बाहेरच्या एका ट्रकनेही त्यांना हॉर्नने साथ दिली.

मी मेलेल्या अवस्थेत डावा डोळा किंचित उघडला. विंगेत पप्पा दोरी धरून उभे होते. दुसऱ्या हाताने कमरेच्या टॉवेलचं टोक त्यांनी तोंडाशी धरलं होतं आणि ते माझ्याकडे बघत होते. त्यांना दादा ऐकू येत नव्हते, ट्रक ऐकू येत नव्हता. वाडीतल्या कुठल्याच झाडाकडे मी त्यांना असं बघताना पाहिलं नव्हतं. मला इतकं भरून आलं की मेलेल्या म्हातारीच्या डोळ्यांतून धार लागली.

"मम्मी, ती मेलेली रडते!" पुढच्या रांगेतून एक बारीक आवाज आला.

शेवटी मी मान उचलली आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "पप्पा, पाडा!"

पडदा पडला. टाळ्या थांबेनात.

निकालाच्या वेळी चष्मेवाले परीक्षक वही घेऊन उभे राहिले. "ज्या वस्तीला नकाशात जागा नाही, तिचं नाव उच्चारताच पडदा पडतो! केवढं भेदक भाष्य! आणि शेवटी मेलेली म्हातारीच उठून व्यवस्थेला सुनावते, पाडा! त्या व्यवस्थेला तिने 'पप्पा' म्हणावं, हा उपरोध तर माझ्या कायम लक्षात राहील!" हेमंतदादांनी नम्रपणे मान खाली घातली. (ते हसू दाबत होते, हे फक्त आम्हाला दिसत होतं.) माझ्याविषयी परीक्षक एकच वाक्य बोलले: "म्हातारीचं काम करणाऱ्या मुलीचा मेल्यानंतरचा अभिनय चांगला होता."

आमच्या मंडळाला एकच बक्षीस मिळालं. पडद्याचं. ते घ्यायला पप्पा कमरेचा टॉवेल न सोडताच वर गेले.

परतताना टेम्पोत पप्पांच्या मांडीवर बक्षिसाची ढाल होती. मी भीत भीत विचारलं, "पप्पा, मग आता... नाटक बंद ना?"

"बंद कसं?" पप्पा जवळजवळ रागावलेच. "मग पडदा कोण पाडणार?"

पुढे बारावी झाली, दोन हजार एकोणीसमध्ये आम्ही आणखी दोन नाटकं केली, आणि दोन्हींच्या तालमीला पप्पा माझ्याआधी हजर असायचे. ढाल आमच्या घरी टीव्हीवर आहे. आलेगेलेले विचारतात, "नाटकात कोण आहे तुमच्याकडे?" आई लगेच पप्पांकडे बोट दाखवते.

"हे आहेत. ही पण जाते त्यांच्याबरोबर."