वयनीच्या वाट्याची तुकडी

डबा उघडला की वयनी आधी चमचा घ्यायची, तळलेल्या बांगड्याची तुकडी अलगद उचलायची आणि समोरच्याच्या झाकणात ठेवायची. "घे रे भाऊ, माका काटे सोसनत नाय." समोर बहुतेक मीच असायचो.

तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या औषधांच्या कारखान्यात ती पॅकिंगला होती, मी स्टोअरमध्ये. दोघंही धारगळहून एकाच कंपनीच्या बसने जायचो. मॅनेजरपासून झाडूवालीपर्यंत सगळे तिला वयनीच म्हणायचे. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल. तिची न खाण्याची कारणं आपल्याला लगेच पटतात. आयती तुकडी समोर आली की कोण उलटतपासणी घेतो?

एकदा कारखान्याची सहल केरीच्या किनाऱ्यावर गेली होती. जेवणं उरकल्यावर मी पाणी प्यायला मागे गेलो, तर वयनी मोठ्या पातेल्याशी एकटीच बसून इसवणाचं, म्हणजे सुरमईचं, डोकं चोखत होती. हाडं अशी साफ, की मांजरानेही नाक मुरडावं. मला बघून दचकली, मग हसली. "डोक्याक काटे खंय असतत मरे?"

मीही हसलो. म्हणजे मला तेव्हाच कळलं होतं. ही गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही.

मग तिला डायबेटिस निघाला. पेडण्याच्या डॉक्टरने काय सांगितलं ते तिने बसमध्ये मला एकट्याला त्याच्याच आवाजात करून दाखवलं. "'शीत कमी करा, पाव सोडा. पण ती जागा रिकामी ठेवू नका हां. मासे खा, अंडी खा, मूग-चणे खा. नाहीतर साखर उतरेल आणि तुम्हीही उतराल!' आयकलंस? डॉक्टराक सांगूक काय जाता!"

घरच्यांनी त्यातलं अर्धंच ऐकलं. वयनीचं शीत त्याच दिवशी बंद झालं. नवरा तिच्या ताटावर पहारा ठेवू लागला. चिमूटभर भात दिसला तरी, "साखर वाढतली गो!" पण भाताच्या जागी काय वाढायचं, हे विचारायला त्या घरात कुणाला सवड नव्हती. तळलेल्या तुकड्या आधी पुरुषांच्या ताटात पडायच्या, मग शेंडेफळाच्या, मग आलागेला असेल त्याच्या. वयनीला हुमण उरायचं, नुसता रस. पूर्वी ती त्यात शीत कालवून पोट भरायची. आता तो रस ती काकडीबरोबर खायची. आणि सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी हे तिचे शिवराक दिवस, त्या दिवशी मासळी-अंड्याला हातही लावायची नाही. उसळ केली तर दाणे पोरांना आणि पाणी हिला.

त्याच घरात थोरला मुलगा व्यायामशाळेत जायचा. कपाटावर प्रोटीन पावडरीचा बादलीएवढा डबा. सकाळी त्याच्यासाठी अंडी उकडायची वयनीनेच, पावडरीची बाटली खळखळून धुवायची तिनेच. एकदा तिने मला विचारलं, "ती पावडर बायकांका चलना नाय काय रे?" मी म्हटलं, "चलता की. विचार तुझ्या झिलाक." ती म्हणाली, "नाका बाबा. म्हारग आसा ती."

मी काय केलं ते सांगतो. घरून तिच्या डब्यात एकच तुकडी यायची, कामाला जाते म्हणून. ती तुकडी ती अजूनही माझ्याच झाकणात ठेवायची. मी म्हणायचो, "वयनी, डॉक्टरने काय सांगितलंय?" ती म्हणायची, "खा रे, थंड जाल्यार वास येता." आणि मी खायचो. डॉक्टरचं म्हणणं ठाऊक असलेला त्या टेबलावर मी एकटाच होतो. दुसऱ्याच्या घरातलं आपण कशाला बोला, असं मनात म्हणायचो. तोंड उघडायचं ते फक्त खायला.

ती झरझर वाळली. बायका म्हणाल्या, "वयनी, अगदी हिरोइन गो!" मीही म्हणालो. एके दिवशी नेहमीचा खोका तिला टेबलावरून उचलेना. खोक्याकडे बघत म्हणाली, "ह्यो वजनान वाढलो काय रे?" सगळे हसले.

पुढे ती न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं, ती उठलीच नाही. भेटायला गेलो तर मुलगा अभिमानाने म्हणाला, "काका, शुगर एकदम कंट्रोलमध्ये!" जेवायच्या वेळेला गेलो होतो, त्यांनी आग्रहाने बसवलं. माझ्या ताटात दोन तुकड्या. आतल्या खाटेशी स्टुलावर तिचं ताट दिसत होतं, काकडी आणि रस. तिथूनच तिने हाक मारली, "भाऊ, पोटभर जेव हां!"

मी पोटभर जेवलो. उठून एक तुकडी तिच्या ताटात ठेवायला चार पावलं लागली असती.

छातीत कफ झाला आणि ती गेली. अंगात झुंजायला काही उरलंच नव्हतं, असं डॉक्टर म्हणाला. कुणाला ऐकवण्यासाठी म्हणाला कोण जाणे. कुणी ऐकलं नाही.

सुतक फिटल्यावर मासळीचं पहिलं जेवण होतं. तिच्या नावाने केळीचं पान वाढून अंगणात ठेवायचं होतं. थोरल्याची बायको, वयनीची सून, वाढत होती. पांढऱ्या शिताची मूद, दोन उकडलेली अंडी, अळसांद्यांची घट्ट उसळ. नवरा वाकून बघत म्हणाला, "मधली तुकडी घाल गो. तिका इसवण खूब आवडायचो."

म्हणजे माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

पान ठेवून आम्ही मागे सरलो. कावळा माडावरून उतरला. शिताकडे त्याने बघितलंही नाही, मधली तुकडी चोचीत धरली आणि उडाला. नवऱ्याने डोळे पुसले, सून म्हणाली, "पावली." मग आम्हां पुरुषांची पानं वाढली.

त्या दिवशी काट्यांचं नाव कुणीच काढलं नाही.