दुसऱ्यांदा लिहिलेली पहिली कादंबरी

अकोल्याच्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवते, तिथल्या ग्रंथालयातून एकदा जुनी पुस्तकं रद्दीत काढली. शिक्षकांना हवी असतील ती आधी उचला, असं सांगितलं होतं. मी पाच-सहा उचलली. त्यात एका इंग्रज बाईंची कादंबरी होती. त्यांचं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं, पण लेखिका फुलं पिकवणाऱ्या माळ्याची मुलगी आहे, असं मागच्या बाजूला छापलं होतं. मीही माळ्याचीच मुलगी. चांदूर बाजारकडे आमचं थोडं ओलिताचं शेत होतं. शेवंती, झेंडू, निशिगंध निघायचा. बाबा तो अमरावतीच्या हर्राशीत, म्हणजे लिलावात, नेऊन विकायचे.

कादंबरीच्या पहिल्याच वाक्यात आई वारते आणि त्या दिवशीही बाप फुलं तोडायला जातो, कारण फुलं न्यायला गाडी यायचीच असते. मी कपाटाला टेकून उभ्यानंच तीस पानं वाचली. आमचे आजोबा गेले त्या दिवशी सकाळी आमच्याकडेही झेंडूचा तोडा झाला होता. ही गोष्ट मी कुणाला कधी सांगितली नव्हती. लाज वाटायची.

पुस्तक मराठीत आणायचं मी तेव्हाच ठरवलं. कुणी मागितलं नव्हतं, कुणी छापणारही नव्हतं. आठवडाभर अकोल्याच्या भाड्याच्या खोलीत राहायचं, तास संपले की दोन पानं करायची, आणि शनिवारी अमरावतीला घरी मायजवळ यायचं. रविवारी जेवण झालं की मी तिला आठवड्याची पानं वाचून दाखवायची. बाबा गेले, शेत विकलं, तरी मायचे कान शेतातलेच होते. चुकीचा शब्द आला की ती लगेच हात वर करायची.

एका ठिकाणी मी फारच अडले. त्यातला बाप शेवंतीबद्दल म्हणतो, ‘आज सगळ्यांना थांबवलं.’ झाडांना थांबवलं म्हणजे काय केलं? पाणी तोडलं? मला काही सुचेना. शेवटी प्रकाशकांच्या पत्त्यावर बाईंना पत्र टाकलं. दोन महिन्यांनी त्यांचं ईमेल आलं. रोपाचा वरचा कोंब दोन बोटांनी तोडतात, म्हणजे त्याला फांद्या फुटतात, त्याला आमच्याकडे थांबवणं म्हणतात, असं त्यांनी लिहिलं होतं. मी मोठ्या उत्साहात मायला सांगितलं.

‘‘मंग शेंडा खुडला म्हन ना,’’ माय म्हणाली. ‘‘एवढ्यासाठी विलायतेले पत्र टाकलं तू?’’

हे मी बाईंना कळवलं. त्यांना इतकं हसू आलं की त्यांनी मायला बघायचंय म्हणून व्हिडिओ कॉल मागितला. त्या दिवसापासून आमची ओळख घरगुती झाली. माय वऱ्हाडीत बोलायची, त्या इंग्रजीत, आणि मधे मी. दोघींनी एकमेकींना आपापल्या बोटांवरचे जुने कापल्याचे वण दाखवले.

हळूहळू त्यांचं आयुष्य मला कळत गेलं. सोळाव्या वर्षी त्यांची शाळा सुटली. फुलं बांधायच्या शेडमध्ये काम केलं, मग गावच्या वाचनालयात कारकुनी. कामावर जायच्या आधी सकाळी दीड तास स्वयंपाकघरात बसून लिहायचं, असं बारा वर्षं चाललं. पहिली कादंबरी किती ठिकाणांहून परत आली ते त्यांनी मोजलं नव्हतं. ती छापली गेली तेव्हा त्या चाळीस वर्षांच्या होत्या. बरं नाव झालं. नोकरी सोडली, आणखी पाच कादंबऱ्या आल्या. मग त्यांच्या संपादक निवृत्त झाल्या, पुढचं पुस्तक खपलं नाही, त्याच्या पुढचं कुणी घेतलं नाही. नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. एक भाची होती, तीही दूरच्या शहरात. समुद्राजवळच्या लहानशा घरात त्या एकट्या राहत होत्या. ‘‘मला कुणी वाईट म्हटलं नाही,’’ त्या एकदा म्हणाल्या. ‘‘फक्त फोन यायचे बंद झाले.’’

माझा अनुवाद पूर्ण झाला. अकोल्याच्या एका लहान प्रकाशकांनी तो घेतला. पुस्तकाची मुद्रितं माझ्या हातात होती त्याच महिन्यात बाईंचं ईमेल आलं : ‘नवी कादंबरी सुरू केली आहे. पहिलं प्रकरण पाठवते. तुमच्याशिवाय कुणाला दाखवावं असं आता कुणी राहिलेलं नाही.’

तेव्हा परीक्षा चालू होत्या. दोन पेपरांच्या मधल्या वेळात शिक्षकांच्या खोलीत मी मोबाइलवर ते उघडलं. आई वारली त्या दिवशीही बापानं फुलं तोडली. गाडी यायचीच होती.

चुकून जुनी फाइल आली असेल असं मला आधी वाटलं. पण पुढे वाचत गेले तसं दिसलं की शब्द थोडे थोडे वेगळे आहेत. वाक्यं तीच, फक्त पुन्हा नव्यानं घडवलेली. मूळ पुस्तक मला जवळजवळ पाठ होतं. बाईंच्या गावच्या वाचनालयात, त्यांच्या देशात कुणाला नसेल इतकं मला पाठ होतं, म्हणून तर ते मला ओळखू आलं. घंटा झाली. मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन वर्गात गेले आणि तीन तास मुलांच्या डोक्यांकडे नुसती बघत उभी राहिले.

संध्याकाळी मी जपून विचारलं : हा पहिल्या पुस्तकाचा जुना खर्डा तर नाही ना? उत्तर लगेच आलं. ‘नाही हो, जानेवारीतच सुरू केली. इतकं भराभर मला आयुष्यात कधी सुचलं नव्हतं. कसं वाटलं?’

मी लिहिलं, ‘छान.’

दर शुक्रवारी एक प्रकरण येऊ लागलं आणि दर शुक्रवारी मी ‘छान’ लिहू लागले. भाचीचा पत्ता माझ्याकडे नव्हता. बाईंच्या जुन्या प्रकाशकांना मी लिहिलं की लेखिकेची तब्येत बरी दिसत नाही, कृपया घरच्यांना कळवा. निरोप पुढे पाठवला आहे, इतकंच उत्तर आलं. पुढे कुणाला गेला, कोण जाणे. हजारो मैलांवरच्या एका बाईचं डोकं रिकामं होत चाललंय आणि ते कळलेली मी एकटीच, अकोल्यातली एक मास्तरीण.

सहावं प्रकरण आलं त्या रविवारी मी मायला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकता ऐकता हात थांबला तिचा.

‘‘थे बिचारी जीव लावून लिहून राहिली, अन् तू नुसतं छान छान करून राहिली? सांगून कावून नाई टाकत तिले?’’

‘‘तिले दुःख होईल, माय.’’

‘‘मंग काय उद्या होनार नाई? लोकायनं हासल्यावर होईल. तुह्या तोंडून आयकलं तं कमी होईल.’’

मला ते पटलं. खरं तर कुणीतरी ठरवून द्यायला हवं होतं, ते मायनं दिलं. त्याच दुपारी मी कॉल लावला. त्यांच्याकडे सकाळ होती, अंगात निळा स्वेटर, हातात चहा. मी मनाशी तयार करून ठेवलेली वाक्यं विसरले आणि सरळ म्हटलं, ‘‘तुम्ही जी कादंबरी लिहिताय ती तुमची पहिली कादंबरी आहे. ती छापलेली आहे. मी तिचाच अनुवाद केलाय.’’

त्या उठून गेल्या. पडद्यावर रिकामी खुर्ची राहिली. त्या पुस्तक घेऊन परत आल्या, चष्मा लावला, पहिलं पान वाचलं. मग टेबलावरचे आपले कागद ओढून त्यांचं पहिलं पान वाचलं. पुन्हा पुस्तक. असं चार-पाच पानं त्यांनी केलं. माझ्या बाजूला बसलेली माय खाली बघत होती.

‘‘तुम्हाला केव्हा कळलं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘पहिल्या दिवशी.’’

‘‘आणि तुम्ही मला छान म्हणालात.’’

त्यांचा आवाज चढला नव्हता. मी काहीतरी बोलायला गेले, तेवढ्यात त्यांनी कॉल बंद केला. माय म्हणाली, ‘‘राहू दे. दोन दिवसानं बोलन थे.’’ पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पंचवीस वर्षं मुलांना चूक दाखवून देण्याचा पगार घेतला आणि जिथं दाखवायला हवी होती तिथं सहा आठवडे गप्प बसले, हे मनातून जाईना.

शुक्रवारी ईमेल आलं. सातवं प्रकरण. ‘आठवडा जरा गोंधळाचा गेला, पण लिहिणं झालं. कसं वाटतंय ते कळवा.’

मी ते किती वेळा वाचलं असेल! राग नाही, टोमणा नाही. रविवारचं त्यांच्याकडे काहीच उरलेलं नव्हतं. पुन्हा सांगायचं? पुन्हा ती खुर्ची, ते पुस्तक, तो प्रश्न? दर रविवारी सांगायचं आणि दर शुक्रवारपर्यंत त्यांनी विसरायचं? मायला विचारलं तर म्हणाली, ‘‘तूच पाय आता.’’ मी लिहिलं, ‘छान.’

आठव्या प्रकरणानंतर भाचीचं पत्र आलं. प्रकाशकांकडे गेलेला माझा निरोप फिरत फिरत तिच्यापर्यंत पोहोचला होता. ती येऊन मावशीकडे राहिली होती, डॉक्टरांना दाखवलं होतं. डॉक्टरांनी जे सांगितलं ते आम्हाला माहीतच होतं. पत्राच्या शेवटी तिनं एक गोष्ट विचारली होती. मावशीच्या टेबलावर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, अक्षर तिचंच : ‘हे मी आधी लिहिलेलं आहे. अमरावतीच्या बाईंना विचारावं.’ रोज सकाळी ती चिठ्ठी वाचते, थोडा वेळ गोंधळते, मग तिच्यावरून नजर काढून लिहायला बसते. एखाद्या दिवशी मात्र चिठ्ठी वाचून रडते. तुम्हीच त्या बाई ना? चिठ्ठी काढून टाकू का?

म्हणजे त्या रविवारी कॉल बंद केल्यावर, आठवतंय तोवर, त्यांनी ते लिहून ठेवलं होतं. स्वतःसाठी. भरवसा माझ्यावर टाकला होता, आणि मलाच त्यांनी नुकतंच खोटं बोलताना पकडलं होतं.

मी पत्र मायला वाचून दाखवलं. ‘‘सांगून टाक’’ म्हणणाऱ्या मायनं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, ‘‘काढून टाक म्हना. लिहू दे तिले.’’

मी तसं कळवलं. बरोबर केलं की चूक, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. ती त्यांची स्वतःची, शुद्धीत असताना लिहिलेली सूचना होती. आम्ही दोघींनी अमरावतीच्या स्वयंपाकघरात बसून ती फाडायला लावली.

त्यानंतर तीन प्रकरणं आली. अकराव्यात मला मूळ पुस्तकात नसलेलं एक पान सापडलं. मुलीला शाळेत बक्षीस मिळतं तो प्रसंग. छापलेल्या कादंबरीत बाप येत नाही, मुलगी दाराकडे बघत राहते. या वेळी बाप आला होता. शेवटच्या रांगेत, कामाच्याच कपड्यांत, मांडीवर हात पालथे ठेवून, कारण तळव्यांना चिखल होता. मी त्यांना विचारलं, असं घडलं होतं का? त्यांनी लिहिलं, ‘अर्थात. ते आले होते. कसे विसरेन?’

ते त्यांचं शेवटचं ईमेल. पुढच्या शुक्रवारी काही आलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मग भाचीनं कळवलं, मावशी आता टेबलाशी बसत नाही. खिडकीत बसते आणि जेवायला किती वेळ आहे ते विचारते.

अनुवाद छापायला गेला तेव्हा ते पान त्यात घालावं असं मला फार वाटलं. प्रकाशकांना विचारलंही. ते म्हणाले, मॅडम, मूळ पुस्तकात नाही ते कसं घालता येईल? त्यांचं खरंच होतं. आमच्या मराठी पुस्तकात बाप शाळेत आलेला नाही. दोन प्रती मी भाचीच्या पत्त्यावर पाठवल्या. पोहोचल्या, मावशीनं मुखपृष्ठावरचं चित्र बघितलं, असं तिचं उत्तर आलं.

ते एक पान तेवढं मी मराठीत करून ठेवलंय. एका रविवारी मायला वाचून दाखवलं.

‘‘मंग आल्ता की नाई तिचा बाप?’’ तिनं विचारलं.

‘‘मले नाई मालूम, माय.’’

‘‘तिले विचार.’’

विचारलं तरी त्या आता काय सांगणार! मी कागद घडी करून वहीत ठेवला. माय अजूनही माझ्याकडे बघत होती, मी आता विचारीन म्हणून.